पळीचे पाणी

तिसऱ्या वादळाने जे केले ते पहिल्या दोहोंना साधले नव्हते. पहिली दोन वादळे म्हणजे नुसते वारे. त्यांनी तलखाब गावाच्या अंगणांतून धूळ उधळली, शाळेच्या छपराचे दोन पत्रे उचलून दरीत टाकले आणि ती जरफशान नदीच्या खोऱ्याने खाली निघून गेली. तिसरे आले ते गारा घेऊन. चहाची किटली उकळायला लागतो तेवढाच वेळ ते टिकले. परंतु तेवढ्या वेळात सदबर्गच्या बागेतील एकोणीस झाडांवरचे जर्दाळू, जे आणखी आठवड्याने हाताने खुडायचे होते, ते जमिनीवर आले. वरच्या घळीतून चिखलाचा लोंढा उतरला आणि गावच्या पाटाचे तोंड त्याने दगडमातीने बुजवून टाकले. मग आकाश धुऊन काढल्यासारखे निळे झाले. हिवाळ्यात बर्फ पडले नव्हते आणि वसंतातल्या नवरोजपासून तीन महिने पाऊस नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सदबर्गने झाडाखालची माती उकरून पाहिली, तो दोन बोटे ओली आणि त्याखाली राखेसारखी कोरडी.

ती तिथेच गुडघ्यांवर बसली आणि वेचू लागली. बावन्न वर्षांच्या त्या विधवेचे गुडघे खाली बसताना कुरकुरत आणि उठताना त्याहून अधिक. तिच्यामागे सून अंजुरत टोपली ओढत होती. झाडाच्या बुंध्याशी गोधडीवर बसून सासरे, ज्यांना अवघे गाव बोबो नजर म्हणजे आजोबा नजर म्हणत असे, एकेक फळ डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते.

“फुटकी वेगळी, दबलेली वेगळी,” सदबर्ग म्हणाली.

“आणि चांगली कुठं ठेवू, ओचा?” अंजुरत सासूला आई या अर्थाने ओचा म्हणत असे.

“सापडलं एखादं तर हाक मार. मीही बघायला येईन.”

“मला सापडलं होतं एक,” बोबो नजर म्हणाले. “मी खाल्लं.”

अंजुरत हसली, सदबर्ग हसली नाही. ह्या घराला गव्हाची जमीन नव्हती. बोबोंच्या तरुणपणी असाच एक लोंढा ती पट्टी घेऊन नदीत गेला होता, आणि तेव्हापासून त्यांची भाकरी झाडांवर पिकत असे. शरद ऋतूत खालून मालमोटार येई, वाळलेल्या जर्दाळूंची पोती घेई आणि पिठाची पोती उतरवून जाई. त्या पिठावर वसंतापर्यंतचा काळ निघे. सदबर्गचा मुलगा रशियात विटांच्या कामावर गेला होता, आणि तिकडून ह्या वर्षी फोन तेवढे येत होते. तेव्हा जमिनीवर पडलेली ही फळे वाळली, तर हिवाळ्यात तंदूर पेटणार होता. न वाळली, तर काय करायचे ह्याचा विचार सदबर्गने अद्याप मनात येऊ दिला नव्हता.

दोन दिवस तिघेही फळे चिरत बसले. दबलेले जर्दाळू बीसकट वाळत नाही, आतून आंबते. म्हणून प्रत्येक फळाची शीर धरून नखाने ते उघडायचे, बी बाजूला टाकायची आणि दोन्ही फाका तोंड वर करून काड्यांच्या तट्ट्यांवर मांडायच्या. रसाने बोटांच्या भेगा चुरचुरत, नखे काळी पडत, आणि गांधीलमाश्या मनगटावर येऊन बसत, त्यांना झटकायलाही हात मोकळा नसे. भरलेली तट्टी डोक्यावर घेऊन सदबर्ग शिडीने धाब्यावर चढे. त्या मातीच्या सपाट धाब्यावर, गोठ्याच्या माळवदावर, अंगणातील प्रत्येक रुंद दगडावर केशरी फाका पसरल्या गेल्या. सारे घर जणू उन्हाला पाठ देऊन झोपले होते.

“सात दिवस असंच ऊन हवं,” बोबो आकाशाकडे पाहून म्हणाले. “सहात भागेल. पाचात नाही भागत.”

दुसऱ्या दिवशी उन्हे उतरताना फाटकातून बायका आल्या. पुढे उमेदा होती. उमेदा आणि सदबर्ग एकाच वर्षी लग्न होऊन ह्या गावात आल्या होत्या आणि एकमेकींना दुगोना म्हणजे जिवाची मैत्रीण म्हणत होत्या. उमेदाचा गहू वरच्या उतारावर होता, पाटाचे पाणी न पोचणारा, केवळ पावसाच्या भरवशावरचा. तिच्यामागे गावातील सर्वांत वयस्क स्त्री रोबियाखोला काठी टेकत उभी होती.

“आशागलोन काढायचंय, सदबर्ग,” उमेदा म्हणाली. “गव्हात दूध भरतंय. आत्ता नाही मिळालं पाणी, तर पुढं मिळून उपयोग नाही.”

आशागलोन म्हणजे हातभर लांबीची लाकडी पळी. अनावृष्टीच्या वर्षी तिला स्त्रीचा झगा चढवायचा, डोक्याला रुमाल बांधायचा आणि दारोदार न्यायची. प्रत्येक घराने तिच्यावर पाणी ओतायचे. पळी धरणारी पोक्त बाई असावी लागे, आणि तिच्या दाराला कधी कुलूप लागलेले नसावे. तलखाबमध्ये ती पळी सदबर्गच्या सासूने धरली होती आणि मरताना सुनेच्या हाती दिली होती.

सदबर्गने धाब्याकडे पाहिले. बायकांनीही पाहिले.

“एक आठवडा थांबलात तर?” ती म्हणाली.

“आठवड्यानं मी तिथं विळा नाही, शेळ्या नेईन,” उमेदा म्हणाली.

“चार दिवस.”

“दुगोना, तू वर येऊन बघ तरी एकदा.”

रोबियाखोलाने काठी आपटली. “आता आभाळानं हिच्या फाकांना विचारून यायचं म्हणे! अगं, आठ-दहा कुटुंबांचा गहू वर जळतोय, आणि तू मला दिवस मोजून दाखवतेस? सासू असती तुझी, तर तिनं स्वतःचा झगा उतरवून दिला असता पळीला.”

“देते,” सदबर्ग म्हणाली. “उद्या काढू.”

दुसऱ्या दिवशी पळी निघाली. तिच्यावर सदबर्गचाच जुना निळा झगा होता. मुली गात होत्या, म्हाताऱ्या टाळ्या वाजवत होत्या, आणि प्रत्येक दारातून एकेक वाडगा पाणी पळीवर आणि पळी धरणारीवर पडत होते. चांगल्या दिवसांत बादल्या ओतीत. ह्या वर्षी पाट बुजलेला आणि पिण्याचे पाणी दोन तासांच्या चढावरील झऱ्यातून गाढवावर येणारे, म्हणून वाडगे लहान झाले होते.

“एवढंसं, जैनुरा?” एकीने दारातल्या बाईला टोमणा मारला. “सुनेला चहा तरी जास्त देतेस ना?”

“तिलाही एवढंच. विचार हवं तर.”

तरी तेहतीस घरे झाली तेव्हा सदबर्ग खांद्यापासून टाचेपर्यंत भिजली होती. शेवटी रोबियाखोलाने हात वर करून प्रार्थना म्हटली, आणि सर्वांबरोबर सदबर्गनेही तळहात चेहऱ्यावरून फिरविले. त्या क्षणी तिने पाऊस मागितला की मागितला नाही, हे तिला स्वतःलाच सांगता आले नसते.

रिवाज तेवढ्यावर संपत नाही. मिरवणुकीनंतर पळी धरणारीच्या घरी राहते. पाऊस येईपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यावर एक वाडगा पाणी घालायचे असते, लाकूड आतपर्यंत भिजायला हवे म्हणून. लाकूड कोरडे राहिले तर आभाळही कोरडे राहते, असे तलखाबची माणसे मानतात, आणि सदबर्ग तलखाबचीच होती.

पहिल्या सकाळी घरात अर्धी बादली पाणी होते. त्यातून चहा, बोबोंच्या अंघोळीचा तांब्या, गायीचे पिणे. वाडगा हाती घेऊन ती पळीसमोर उभी राहिली आणि तिने ते पाणी गायीला पाजले. संध्याकाळी गाढवावरून दोन कॅन आले, तेव्हा ते कारण उरले नव्हते. ती धाब्यावर चढून फाका उलटत राहिली. खाली उतरली ती अंधार पडल्यावर, आणि तेव्हा तिने स्वतःला सांगितले की आता वेळ टळली.

दुसऱ्या दिवशी तिने पळी उचलून तंदूरमागच्या कोनाड्यात ठेवली. तिथे ऊब होती. झगा दुपारपर्यंत सुकून कडक झाला.

“तिथं का ठेवली, ओचा?” अंजुरतने विचारले.

“कोंबड्या चोच मारतात,” सदबर्ग म्हणाली. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. सून तट्टी उचलून शिडीकडे गेली. तिलाही पीठ हवे होते.

तिसऱ्या दिवशी फाकांच्या कडा वळल्या. चौथ्या दिवशी दुपारी पश्चिमेच्या शिखरावर एक पांढरा ढग उभा राहिला. वाढत वाढत तो करडा झाला. सदबर्ग धाब्यावर दोन्ही हातांत तट्टी धरून निश्चल उभी होती. मग वारा फिरला आणि ढग विरला. तिने श्वास सोडला. तो श्वास सोडता सोडताच तिला वरच्या उतारावर माणसे दिसली. तीही अशीच उभी राहून त्या ढगाकडे पाहत होती. ती माणसे आता खाली बसली.

त्या संध्याकाळी तिने भाकऱ्या भाजून पाटाच्या तोंडाशी नेल्या. गावातील पुरुष आठवडाभर तिथे फावड्यांनी गाळ उपसत होते. मोठे दगड पहारीने हलवून, दोरांनी ओढून बाजूला करायचे होते. उमेदाचा नवरा दावलत ह्याच्या तळहातांवर फोड फुटून चिंध्या बांधल्या होत्या. परतताना उमेदा तिला वाट वाकडी करून गव्हातून घेऊन गेली. एक ओंबी खुडून तिने सदबर्गच्या तळहातावर चोळली आणि दाणा नखांत धरून दाबला. जेथून दुधाची धार निघायला हवी तेथे पांढरट ओल तेवढी आली.

“आठ दिवसांपूर्वी दाबलं की उडत होतं,” उमेदा म्हणाली. “रोज एक दाणा दाबून बघते. दावलत म्हणतो, तूच दाबून दाबून संपवशील.”

सदबर्गने हसण्याचा प्रयत्न केला. घरी येऊन ती पळीपाशी गेली, झग्याला हात लावला, आणि मग धाब्यावर चढून एक फाक दातांखाली धरली. बाहेरून चिवट, आत अजून मऊ. अजून दोन दिवस. ती तशीच खाली आली.

पाचव्या दिवशी सकाळी उमेदा आली ती खांद्यावर मातीची सुरई घेऊन. तिच्या कपाळावर घाम आणि झग्याच्या घोळावर चढाची धूळ होती.

“तुझ्याकडं पाणी कमी पडतंय, ऐकलं मी,” ती म्हणाली. “म्हातारे सासरे, गाय, आणि त्यात पळीची दोन वेळ. मी आज पहाटे झऱ्यावर जाऊन आले. हे पळीसाठी. आण तिला, आपण दोघी मिळून घालू.”

सदबर्ग जागची हलली नाही.

“अगं, आण ना. कुठंय?”

“मी घालते नंतर.”

“नंतर कशाला? एवढ्या लांबून आणलंय, मला बघू दे.” आणि घरच्यासारखा वावर असलेली ती मैत्रीण स्वतःच तंदूरमागे गेली. तिने पळी बाहेर काढली. झगा पापडासारखा वाजला. उमेदाने झग्याखाली हात घालून लाकूड चाचपले, मग अंगठ्याने दांड्यावर खालपासून वरपर्यंत चोळत नेले.

तिने अंगठा उलटून पाहिला. तो कोरडाच होता.

“किती दिवस?” उमेदाने विचारले.

“पहिल्यापासून.”

“काल तू माझ्या गव्हात उभी होतीस.”

“हो.”

“दाणा तुझ्या हातावर ठेवला मी.”

“उमेदा, मी चारच दिवस मागितले होते. तुम्ही नाही म्हणालात. माझ्याकडे दुसरं काय आहे? तुमचा गहू गेला तर शेळ्या आहेत, लोकर आहे. माझं सगळं हे वर पसरलंय.” तिने धाब्याकडे हात केला.

“तर तोंडावर सांगायचंस. म्हणायचं होतं, मी पळी धरत नाही. रोबियाखोलानं शिव्या दिल्या असत्या, आम्ही दुसरी बघितली असती. हे... हे तू आमच्या पाठीमागं केलंस.” उमेदाने पळी ओट्यावर आडवी ठेवली आणि सुरई तिच्याशेजारी. “दोन तास चढून आणलंय हे. पळीवर ओत नाहीतर जर्दाळू धू त्यानं. मी बघायला थांबत नाही.”

फाटक लागल्याचा आवाज आला. बोबो नजर, ज्यांना ऐकू कमी येते असे सर्व जण समजत, गोधडीवरून म्हणाले, “अजून एक दिवस हवा त्यांना. दीड.”

“माहीत आहे मला,” सदबर्ग म्हणाली.

तिने सुरई उचलली. तोंड तिरपे केले. पाणी पळीच्या डोक्यावरील रुमालावर पडले, झग्यातून खाली उतरले, ओट्याच्या कडेने मातीत गेले. तिने सुरई शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. हात हलका झाला तसे छातीवरचे काही उतरले, आणि त्याच जागी दुसरे येऊन बसले.

त्या दिवशी आकाशात काहीच झाले नाही. रात्र चांदण्यांनी भरून गेली. सहाव्या दिवशी सकाळीही ऊन होते, असे कडक की फाका धाब्यावरून उचलताना बोटांना चटका बसे. अंजुरत म्हणाली, “ओचा, वाचलो आपण.” सदबर्गने एक फाक मोडून पाहिली. संध्याकाळपर्यंत भरता येईल. तिने पोती झटकून ठेवली.

दुपारी बोबोंनी नाक वर केले. “दार लावा,” ते म्हणाले. “येतोय.”

वीज नव्हती, गडगडाट नव्हता, वारा नव्हता. पश्चिमेची अख्खी डोंगररांग एकाएकी दिसेनाशी झाली आणि पाऊस खोरे चालून वर आला, सरळ, दाट, आवाज करीत. पहिले थेंब धाब्यावरच्या मातीत खळगे पाडून गेले. दोघी सासू-सुना शिडीकडे धावल्या.

त्याच वेळी गावातून आरोळी उठली. पाटाच्या तोंडाशी पुरुषांनी फावडी फेकून दिली होती. कोणी टोपी काढून आकाशाकडे धरीत होता, कोणी दुसऱ्याला मिठी मारीत होता. रोबियाखोला आपल्या अंगणाच्या मध्यभागी काठी टाकून उभी होती आणि तिचे पांढरे केस कपाळाला चिकटले होते. जैनुरा डबे, परात, तसराळे, सापडेल ते भांडे पागोळीखाली मांडत ओरडत होती. उमेदा आपल्या घराच्या पायरीवर दोन्ही हात पसरून, तोंड वर करून हसत होती. ते हसणे चार घरांपलीकडे ऐकू येत होते.

सदबर्ग धाब्यावर होती. एक तट्टी अंजुरतच्या हाती दे, दुसरी उचल, चिखलात पाय घसरतो आहे, तट्टी तिरपी झाली, फाका घरंगळल्या, राहू दे, पुढची घे. पावसाचे पाणी तिच्या तोंडात जात होते, आणि ते गोड होते. तीन महिन्यांत असे पाणी तिच्या जिभेवर पडले नव्हते. तिचा घसा ते आपणहून गिळत होता, आणि डोळ्यांतून दुसरे पाणी येत होते. खाली अंगणात बोबो नजर गोधडीवरच बसून राहिले होते, आत जायला तयार नव्हते. तोंड उघडे टाकून ते पाऊस पीत होते आणि मधूनच ओरडत होते, “गोठ्यावरच्या! गोठ्यावरच्या आधी!”

उमेदाचे हसणे मध्येच थांबले. सदबर्गने ते ऐकले. थांबणे ऐकू येते, हे तिला त्या दिवशी कळले. थोड्याच वेळात शिडीवर उमेदाचे डोके दिसले. बगलेत मोठा नमदा होता, लोकरीचा, तिच्या बैठकीतला. तिने तो उरलेल्या तट्ट्यांवर फेकला, दुसरे टोक सदबर्गकडे सारले आणि दोघींनी ते दगडांनी दाबले. मग ती आली तशी उतरून गेली. नमदा भिजून जड झाला आणि त्यानेच खालच्या फाका दाबून लगदा केला. परंतु ते पुढे कळले.

पाऊस तीन दिवस पडला. दुसऱ्या दिवशी धाबे झिरपू लागले, आणि घरात जमिनीवर पसरलेल्या फाकांवर मातकट थेंब पडू लागले. तिसऱ्या दिवशी आंबट वास आला. सदबर्गने वास घेतला आणि ती पसरलेल्यांतून पांढरी बुरशी धरलेल्या बाजूला काढू लागली. वर उतारावरून बातमी आली की खालच्या पट्टीचा गहू आडवा पडतो आहे. ज्यांनी आनंदाने टोप्या उडविल्या होत्या तेच आता दारात उभे राहून म्हणत होते, पुरे झाला. पाटाचे तोंड मात्र त्या पाण्यानेच धुऊन मोकळे केले होते.

चौथ्या दिवशी ऊन पडले. सदबर्गच्या घरी दोन पोती सुकी फाक उरली होती, आणि एक पोते बिया. इतर वर्षी अकरा पोती भरत. जे आंबले होते ते शेणखताच्या खड्ड्यात गेले, आणि गाय तिथे जाऊन ते खाऊ पाहत होती.

त्या सकाळी बायका पुन्हा आल्या. पाऊस आला की पळी धरणारीला प्रत्येक घरातून एकेक वाडगा पीठ देतात, तो तिच्या हाताचा मान. ओट्यावर कापड पसरले गेले. रोबियाखोलाने पहिला वाडगा ठेवला, मग रुमालाच्या टोकाने त्याच्या कडेचे पीठ पुसले.

“हात लागला हो तुझा,” ती म्हणाली. “तुझ्या सासूच्या वेळीही असाच आला होता, शांत, बायकांसारखा. मी तुला टोचून बोलले, ते मनात ठेवू नकोस.”

वाडगे ठेवले जात होते. अंजुरतचे डोळे त्या पिठावरून हलत नव्हते. तेहतीस वाडगे म्हणजे किती दिवस, हे ती ओठ न हलविता मोजत असावी. सर्वांच्या मागे उमेदा उभी होती, तिच्याही हाती भरलेला वाडगा. तिचा चेहरा कोरा होता. तिने पाच दिवसांत कोणाजवळही चकार शब्द काढला नव्हता, हे सदबर्गला रोबियाखोलाच्या बोलण्यावरूनच समजले.

उमेदा पुढे आली आणि वाकली.

“थांब,” सदबर्ग म्हणाली. “थांबा सगळ्या. मी पाणी घातलं नाही.”

“कशाला?” जैनुराने विचारले.

“पळीला. चार दिवस तंदूरमागं कोरडी ठेवली होती. माझे जर्दाळू वाळायचे होते.”

अंजुरतने डोळे मिटले. जैनुराला हसू फुटले. “अगं बाई, मग पाऊस पाडला कुणी?”

“उशिरा पाडला, हिच्यामुळं,” रोबियाखोला म्हणाली. ती वाकली, आपला वाडगा तिने उचलला, कापडावर सांडलेले चिमूटभर पीठही बोटांनी गोळा करून त्यात टाकले आणि काठी टेकत फाटकाबाहेर गेली. तिच्यामागे आणखी बायका गेल्या. एकीने वाडगा उचलला, परत ठेवला, पुन्हा उचलला, आणि अर्धे पीठ कापडावर ओतून उरलेले घेऊन गेली. जैनुराने आपला वाडगा तिथेच राहू दिला. “मला काय,” ती म्हणाली, “माझी भांडी भरली.” अंगण रिकामे झाले तेव्हा कापडावर दोन-तीन दिवसांच्या भाकऱ्यांपुरते पीठ होते.

उमेदा गेली नव्हती.

“मी सांगितलं नव्हतं कुणाला,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग कशाला बोललीस?”

“तू वाडगा घेऊन वाकलीस म्हणून.”

उमेदाने हातातल्या वाडग्याकडे पाहिले. “हे मी देणार नाही आता,” ती म्हणाली.

“देऊ नकोस.” सदबर्गने ओले हात झग्याला पुसले. पुढचे शब्द ह्या घरातील कोणत्याही स्त्रीने आजवर उच्चारले नव्हते. ह्या घराने आल्यागेल्याच्या पदरात फळे घातली होती, कोणाच्या बांधावर उभे राहून काम मागितले नव्हते. “कापणीला मला घेशील? पेंढीवर. मी आणि अंजुरत.”

“तुला विळा धरता येतो?”

“नाही.”

“खालची पट्टी आडवी पडलीय. तिच्यात फार वाकावं लागतं. कंबर राहत नाही.”

“न राहू दे.”

उमेदा फाटकापर्यंत गेली. तिथे उभी राहून, मागे न वळता म्हणाली, “कापणी महिन्यानं. उचलणी उद्यापासून. उजाडताच ये. दहा पेंढ्यांना एक देईन, आणि कुणी विचारलं तर बारांना एक सांग.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघी सासू-सुना वर गेल्या. माती घोट्यापर्यंत ओली होती, थंड, आणि प्रत्येक पावलाला धरून ठेवीत होती. दावलत पलीकडच्या टोकाला काम करीत होता. त्याने मान तेवढी हलविली. पडलेली ताटे मुळाला धक्का न लावता ओंजळीत घ्यायची, हळू उभी करायची, पाणी झाडायचे आणि त्यांतल्याच एका ताटाने सैल वेढा देऊन एकमेकांच्या आधाराने उभी ठेवायची. पहिल्या दोन ओंजळींत सदबर्गची चार ताटे मोडली. उमेदाने पाहिले आणि ती आपल्या ओळीत पुढे सरकली. सदबर्गची पाठ दुपारच्या आधीच भरून आली. खाली तिची बाग दिसत होती, गारांनी फाटलेल्या पानांची, पण धुतलेली, आणि तिच्या कडेने पाटाचे पाणी चमकत वाहत होते. ते पाहून तिला जे वाटले ते तिने कोणाला सांगितले नसते. तिने पुढची ओंजळ उचलली. ओंब्यांतले पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आले. तिने ताटाचा वेढा आवळला.

“घट्ट नको,” दोन हात पुढे वाकलेली उमेदा म्हणाली. “दाणा अजून भरायचाय.”